पदेराची फेरी, सेन्सरची बॅटरी

जुलैतल्या एका सकाळी सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर मी गोव्यातल्या चोडण बेटाच्या बांधावर गेलो आणि खांबाला बांधलेला प्लास्टिकचा डबा सोडवून घेतला. तो मीच मेमध्ये बांधला होता. झाकणाला रबराची कडा होती, स्क्रू घट्ट पिळलेले होते, वरून सिलिकॉन फासलेलं होतं. आत एक छोटं सर्किट, एक रेडिओ आणि दोन पेन्सिल सेल. पाणी शिरलं असणार अशी माझी खात्री होती. झाकण उघडलं तर आत सगळं कोरडं ठणठणीत. फक्त सेल संपले होते. एकाच्या टोकाशी पांढरी पूड जमली होती आणि स्प्रिंगवर हिरवट डाग पडला होता.

बांधाच्या आतल्या बाजूला मामांचं खाजन, म्हणजे खाडीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेली सखल शेती. मामा छत्री घेऊन शेजारी उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बंद कधी पडला रे हा?" मी फोनवर नोंद पाहिली. २८ जून. खेकड्यांच्या बिळातून बांध झिरपायला लागला तो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. "म्हणजे हवा होता तेव्हा नव्हता," मामा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी कळली. बांधावर असे १० डबे होते. बाकीच्या ९ डब्यांमधले सेल तपासले तर त्यांत अजून भरपूर जीव होता. तरीही २८ जूननंतर त्यांतल्या एकाचाही आकडा घरापर्यंत पोचला नव्हता. एक मेला आणि नऊ मुके झाले. असं का झालं आणि त्यावर जगभर काय उपाय शोधले जात आहेत, ते या लेखात सांगतो. विषय अभ्यासकांचा मानला जातो. पण ज्याने खाजन पाहिलंय, ज्याच्या दारात रोज पदेर, म्हणजे पाववाला, येतो, त्याला तो समजायला मुळीच जड नाही.

वायरलेस सेन्सर नेटवर्क हे नाव भारदस्त आहे, वस्तू साधी आहे. एक डबा काहीतरी मोजतो: पाण्याची पातळी, मातीतला ओलावा, खारेपणा, तापमान. मोजलेला आकडा तो रेडिओवरून शेजारच्या डब्याला सांगतो. शेजारचा पुढच्याला. अशी कानगोष्ट होत होत आकडा गेटवेपर्यंत येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. प्रत्येक डब्याला नोड म्हणतात. वायर नसल्यामुळे नोड कुठेही लावता येतो, हे त्याचं मोठं बळ. वायर नसल्यामुळे त्याला वीजही मिळत नाही, हे त्याचं मोठं दुखणं.

आता ही वीज जाते कुठे? बहुतेकांना वाटतं मोजण्यात. काही सेन्सर खरंच खादाड असतात, पण साधारणपणे वीज खातो तो रेडिओ. आणि तो बोलताना जितकी खातो, जवळजवळ तितकीच नुसतं कान देऊन बसतानाही खातो. या कामासाठी वापरले जाणारे छोटे रेडिओ ऐकत असताना साधारण २० मिलिअँपिअर घेतात. दोन चांगल्या पेन्सिल सेलची क्षमता २,५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर रेडिओ सतत चालू ठेवल्यास १२५ तासांत, म्हणजे पाच दिवसांत खेळ आटोपतो. म्हणून नोडला झोपवतात. शंभर सेकंदांतला एकच सेकंद रेडिओ चालू ठेवला, तर तेच सेल कागदावर सतरा महिने चालतात. पाच दिवसांचे सतरा महिने होतात ते निव्वळ झोपेमुळे. चार्जिंगचा विचार करण्याआधी प्रत्येकाने हे गणित करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जो नोड नीट झोपत नाही, त्याला कितीही वीज पाजली तरी अपुरीच.

पण झोपेचंही सगळ्यांना सारखं मिळत नाही. बांधावरच्या नोडांची रांग डोळ्यांसमोर आणा. टोकाचा दहावा नोड फक्त स्वतःचा आकडा पाठवतो. नववा स्वतःचा आणि दहाव्याचा. आठवा तिघांचा. गेटवेच्या शेजारचा पहिला नोड दहाही जणांचे आकडे वाहतो. चोडणच्या फेरीबोटीसारखी त्याची गत: बेट केवढंही असो, फेरीने जाणाऱ्या सगळ्यांना धक्क्यावरूनच जावं लागतं. हा पहिला नोड आधी मरतो आणि तो मेला की मागचे सगळे धडधाकट असूनही तुटतात. अभ्यासक याला ऊर्जेचं भोक म्हणतात. माझ्या हातात होता तो डबा पहिल्या नोडचा होता. गेटवे मी मामांच्या घरापाशी, म्हणजे बांधाच्या एका टोकाला ठेवला, कारण वीज तिथे होती. तो बांधाच्या मध्यावर ठेवला असता तर ओझं दोन बाजूंना वाटलं गेलं असतं.

मग सरळ मोठी बॅटरी का लावू नये? लावावी, परवडत असेल तर. पण मोठी बॅटरीसुद्धा संपतेच, फक्त उशिरा. सेल बदलत राहावं? दहा डबे असतील तर चालेल. शंभर असतील, आणि काही कांदळवनात, काही विहिरीत, काही पुलाच्या काँक्रीटमध्ये कायमचे बुजवलेले असतील तर? शिवाय काही ठिकाणी माणसाने वारंवार जाऊच नये. २००२ साली अमेरिकेतल्या मेन राज्याजवळच्या ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत सेन्सर ठेवले होते. माणसाच्या वावराने पक्षी घरटी सोडतात, म्हणून माणसाऐवजी यंत्राने पाहावं ही त्यामागची कल्पना. चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, दोन चौरस किलोमीटरहूनही लहान. तिथल्या चिखलात सेन्सर ठेवले आणि दर दोन महिन्यांनी सेल बदलायला माणसं उतरवली, तर मूळ हेतूच बुडाला.

सूर्याचं पॅनेल हे उत्तर सगळ्यात आधी सुचतं, आणि जिथे ऊन आहे तिथे तेच लावावं. यात मला शंका नाही. उघड्या बांधावर, घराच्या छपरावर पॅनेलला तोड नाही. पण गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग हटत नाहीत, पॅनेलवर शेवाळ धरतं, बगळे त्यावर बसून आपली खूण ठेवून जातात. आणि कुळागरात तर मेमध्येसुद्धा माडा-पोफळींखाली सावलीच. सत्तरी तालुक्यातल्या दाट जंगलाच्या जमिनीवर भर दुपारी जेवढा उजेड पोचतो, त्यावर पॅनेल धड जगत नाही. ऊन नाही, वायर नाही आणि हाताने सेल बदलणं परवडत नाही, अशा जागांसाठी चौथा मार्ग शोधला गेला: वीज घेऊन नोडच्या दारात जायचं आणि डबा न उघडता ती आत सोडायची.

डबा न उघडता वीज आत जाते कशी? त्याचं मूळ १८३१ सालचं आहे. मायकेल फॅरडे यांनी दाखवलं, की एका वेटोळ्यातला प्रवाह बदलत राहिला तर जवळच्या दुसऱ्या वेटोळ्यात आपोआप वीज तयार होते. पॅडवर ठेवून फोन चार्ज होतो तो याच तत्त्वावर. अडचण एकच, दोन्ही वेटोळी अगदी जवळ हवीत. फोन पॅडवरून दोन बोटं उचला, चार्जिंग थांबतं. २००७ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या मारिन सोल्याचिच यांच्या गटाने दोन वेटोळी एकाच कंपनसंख्येला जुळवून दोन मीटरवरून ६० वॅटचा दिवा पेटवला आणि सुमारे ४० टक्के वीज पलीकडे पोचवून दाखवली. सतारीची एक तार छेडली की त्याच सुराला लावलेली तरफेची तार स्पर्शाशिवाय गुंजते, तसंच हे. त्या प्रयोगानंतर सेन्सरवाल्यांच्या मनात विचार आला की हे आपल्याला कामाचं आहे.

तिसरी रीत रेडिओ लहरींची. चार्जर अँटेनातून लहरी सोडतो, नोड त्या पकडून वीज करतो. अंतर जास्त चालतं, पण लहरी चहूकडे पसरतात. अंतर दुप्पट केलं की वाट्याला चौथा हिस्सा येतो, तिप्पट केलं की नववा. चार-पाच मीटरवर हातात पडते ती मिलिवॅटमधली वीज. झोपाळू नोडला तीही पुरते, मात्र ती गोळा करायला तासन् तास लागतात.

खाजनात यात आणखी एक गाठ असते: खारं पाणी. ते वीजवाहक असल्यामुळे लहरी गिळतं. १०० किलोहर्ट्झची लहर समुद्राच्या पाण्यात पाऊण मीटर आत जाईपर्यंत तिचा जोर जवळपास एक-तृतीयांशावर येतो. रेडिओच्या शेकडो मेगाहर्ट्झच्या लहरी तर काही सेंटिमीटरांतच विझतात. म्हणून भरतीला बुडणाऱ्या खांबावर रेडिओ-चार्जिंगचा विचारही करू नये. वेटोळ्याला वेटोळं भिडवायचं, तेही ओहोटीला. आणि वेटोळं डब्याच्या त्या बाजूला हवं, जिकडे उभं राहता येतं. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण डबा बांधून झाल्यावर ती लक्षात आली तर पुन्हा सगळे खांब हिंडावे लागतात.

आता पदेराकडे येऊ. पहाटे अंधार असतानाच तो सायकल काढतो. मागे बांबूची टोपली, वर निळं प्लास्टिक, आत गरम पोई आणि उंडे. हॅंडलला रबरी भोंगा. वाड्यावरून फिरताना तो कुठल्या दारात थांबायचं, कुठे किती द्यायचे, कुठला चढ टोपली भरलेली असताना चढायचा आणि कुठला रिकामी झाल्यावर, हे सगळं डोक्यात ठेवून चालतो. फिरता चार्जर म्हणजे विजेचा पदेर. चाकांवरची गाडी, ड्रोन किंवा पाठीवर पिशवी घेतलेला माणूस, काहीही असो. तो तळावरून निघतो, एकेका नोडपाशी थांबतो, वीज देतो, परत येतो आणि स्वतः भरून घेतो.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या लिगुआंग शिए, यी शी, थॉमस हौ आणि हनीफ शेराली यांनी २०११ साली हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडला. एक गाडी ठरावीक काळाने फेरी मारते. कुठल्याही नोडची बॅटरी किमान पातळीखाली जाता कामा नये. असं असताना गाडीला तळावर जास्तीत जास्त विसावा मिळेल अशी फेरी कोणती? त्यांनी सिद्ध केलं, की सगळ्या नोडांना एकेकदा भेट देऊन परत येणारी सगळ्यात आखूड वाटच सर्वोत्तम. आणि फेरीचं हे चक्र जमलं, तर बॅटरीपुरतं बोलायचं झाल्यास ते जाळं कधीच मरत नाही. मला यातला विसाव्याचा निकष फार आवडतो. गाडी किती पळाली यावर तिचं मोल नाही, कामं उरकून दुपारी किती पडून राहू शकली यावर आहे.

आखूड वाट शोधणं ऐकायला सोपं आहे. पदेराला १० घरं असतील तर बेकरीतून निघून परत येण्याचे वेगवेगळे क्रम १८ लाखांवर होतात. घरं १५ केली, तर क्रमांची संख्या ६५ हजार कोटींच्या पुढे जाते. घर एक वाढलं की आकडा काही पटींनी उसळतो. संगणकसुद्धा हे सगळे क्रम तपासत बसत नाही. तो बरी वाट घेतो, दोन वळणं अदलाबदल करून पाहतो, आखूड झाली तर ठेवतो, आणि असं करत करत उत्तमाच्या जवळ येतो. पदेरही हेच करतो, फक्त काही वर्षं लावून.

पण बांधावर हा सगळा प्रश्न विरघळून जातो आणि दुसराच उभा राहतो. शोधनिबंधांतल्या आकृतीत एक चौकोन असतो, त्यात ठिपके असतात आणि गाडी एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर सरळ रेषेत जाते. खाजनात सरळ रेषेत गेलं तर कमरेपर्यंत रुतायला होतं. वाट एकच, बांधाची. जायचं आणि त्याच वाटेने यायचं. क्रम शोधायचा उरतच नाही. मग हुशारी कुठे लागते? ती लागते कधी निघायचं आणि कुणाला किती द्यायचं, यात.

एक हिशोब करू. आकडे मी सोयीसाठी गोल धरले आहेत. तीन किलोमीटर बांध, दर शंभर मीटरला एक असे ३० नोड. २० नोड सरासरी १ मिलिवॅट खातात. गेटवेजवळच्या दहांवर ओझं जास्त, ते ३ मिलिवॅट. आठवड्याभरात सगळ्यांनी मिळून खाल्ले सुमारे ३० हजार ज्यूल. घरच्या मीटरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे या तीसही जणांचं आठवड्याचं जेवण युनिटाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. आता गाडी काढू. चालण्याच्या वेगाने, सेकंदाला एक मीटर, जाऊन-येऊन सहा किलोमीटर म्हणजे १०० मिनिटं. चिखलाच्या वाटेवर मोटरने ५० वॅट घेतले, तर तीन लाख ज्यूल. नोडांना वाटली त्याच्या दहापट वीज वाटेत गेली.

हे दहाला एक हे प्रमाण नीट पाहिलं, की या विषयातलं अर्धं संशोधन कशाच्या मागे लागलंय ते कळतं. लोक विचारतात, हवेतून वीज पाठवताना किती वाया जाते? वाया जातेच, पण फेरी त्याहून कितीतरी महाग पडते. तीच फेरी आठवड्याऐवजी महिन्याने मारली, तर प्रत्येक नोडला चौपट द्यावं लागतं, पण वाट तेवढीच राहते. दहापटीचं प्रमाण अडीचपटीच्या आत येतं. म्हणजे उशिरा निघणं फायद्याचं, फक्त सगळ्यात खादाड नोड जिवंत राहील इतकंच उशिरा. सगळ्या आखणीचा लगाम त्या एका नोडच्या हातात असतो. त्याला थोडी मोठी बॅटरी दिली की अख्खी फेरी पुढे ढकलता येते. सगळ्यांना सारख्या बॅटऱ्या देणं न्यायाचं दिसतं, पण जाळ्याच्या दृष्टीने ती उधळपट्टी आहे.

दुसरी रीत म्हणजे हाकेला धावणं. नोडची बॅटरी ठरलेल्या रेषेखाली गेली की तो निरोप पाठवतो आणि चार्जर निघतो. आधी हाक मारेल त्याच्याकडे आधी, असा नियम ठेवला तर चार्जर बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हेलपाटे घालत राहतो. जवळचा असेल त्याच्याकडे आधी, असा ठेवला तर हेलपाटे वाचतात, पण लांबचा उपाशी मरतो, कारण जवळ कुणी ना कुणी सतत हाक मारतच असतं. चांगल्या पद्धतीत दोन्ही तोलतात: किती लांब आहे आणि किती वेळ तग धरेल. वाटेत नवी हाक आली आणि ती वाटेवरचीच असली, तर आधीचं काम क्षणभर बाजूला ठेवून ती उरकून घेण्याची मुभाही देतात. पदेराला रस्त्यात कुणी थांबवून चार पोई मागितल्या, तर तो "परतताना देतो" म्हणत नाही, टोपली तिथेच उघडतो. फरक एवढाच की त्या चार पोई पुढच्या घराच्या वाट्याच्या नाहीत ना, हे त्याला माहीत असतं.

किती भरायचं हाही वेगळा मुद्दा आहे. लिथियम बॅटरी पहिले ऐंशी टक्के भराभर घेते, शेवटचे वीस टक्के रखडत घेते. फोन चार्जिंगला लावून बस पकडायची घाई असली की हे सगळ्यांच्याच लक्षात येतं. प्रत्येक नोडपाशी शंभर टक्के होईपर्यंत उभं राहिलं, तर नंतरच्या नोडांचा वेळ आधीचे खातात. ऐंशीवर थांबायचं आणि पुढे सरकायचं, हे बहुतेक वेळा बरं. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर लावला तर तो काही मिनिटांत भरतो आणि लाखो वेळा भरता येतो. पण त्यात मावते थोडी आणि तीही आपसूक गळत राहते. ज्या नोडपाशी रोज कुणीतरी जातं तिथे तो शोभतो.

ड्रोनबद्दल लोक फार उत्साहाने बोलतात, म्हणून थोडक्यात. मध्यम ड्रोन नुसता हवेत तरंगायला २०० वॅट घेतो असं धरू. नोडला ५ वॅटने वीज देत तो वर तरंगत राहिला, तर देतो एक आणि खातो चाळीस. म्हणून त्याने नोडपाशी उतरलंच पाहिजे आणि पंखे बंद केलेच पाहिजेत. उतरायला खांबावर ताटाएवढी जागा हवी. आणि आषाढातल्या वाऱ्यापावसात तो उडत नाही, जेव्हा बांधाला खरी गरज असते.

जंगलाचं गणित मात्र मला अस्वस्थ करतं. सत्तरीतलं म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचं. मार्च २०२३ मध्ये तिथल्या आणि आसपासच्या डोंगरांवर ठिकठिकाणी आगी लागल्या, त्या विझवायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. आग पहिल्या तासात कळली तर माणसं झावळ्या-फांद्यांनी झोडपून ती आवरू शकतात. त्यासाठी झाडांवर सेन्सर हवेत, आणि ते पावसाळ्याचे चार महिने भिजून मार्चमध्येही जागे हवेत. तिथे गाडी जात नाही. एका चार्जरने तळावरून निघून आतल्या नोडपर्यंत जाऊन परत येणंच मुश्किल, देणं दूरच.

या पेचावर शेंग झांग आणि जी वू या अभ्यासकांनी सुचवलेली युक्ती सुरेख आहे: चार्जरनीच एकमेकांना चार्ज करायचं. समजा चार जण एकत्र निघाले. पहिल्या टप्प्यावर एकाने आपल्याजवळची वीज उरलेल्या तिघांना भरून द्यायची आणि परतीपुरती राखून तिथेच थांबायचं. पुढच्या टप्प्यावर दुसऱ्याने तसंच. शेवटचा एकटाच सगळ्यात आत पोचतो, पण जवळजवळ भरलेल्या स्थितीत. परतताना थांबलेले एकेक जण पुढच्या थांब्यापर्यंत पुरेल एवढी वीज देत सोबत येतात. एकट्याने कितीही मोठी बॅटरी वाहिली तरी इतकं आत जाता येत नाही, कारण बॅटरी मोठी केली की तिचं वजन वाहण्यातच ती संपते.

कुळागरात उलट, सगळं दाटीत असतं. पोफळी एकमेकींपासून पावणेतीन मीटरवर लावलेल्या. ओलाव्याचे सेन्सर पाच-दहा मीटरवर असले तर एकेकाच्या दारात जायची गरज नाही. जुळवलेल्या वेटोळ्यांनी किंवा रेडिओ लहरींनी एका जागी उभं राहून तीन-चार नोड एकदम भरता येतात. तिथे प्रश्न वाटेचा नसतो, कुठे कुठे उभं राहिलं तर कमीत कमी थांब्यांत सगळे आवाक्यात येतील, याचा असतो.

पुन्हा बांधावर येतो, कारण माझा जीव तिथे अडकलाय. फेरी महाग आहे हे एकदा पटलं, की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: ती फेरी कुणी आधीच मारतंय का? मारतंय. खाजनाला मानस असते, बांधातलं लाकडी दारांचं बांधकाम. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने दारं उघडतात, भरतीला बाहेरच्या रेट्याने मिटतात. तिच्यावर नजर ठेवणारा माणूस भरती-ओहोटीच्या वेळा धरून बांधावरून चालतो, खेकड्यांची बिळं बघतो, कुठे माती खचली का ते बघतो. त्याच्या पायांना कुठली बॅटरी लागत नाही आणि तो पावसातही जातो. २००३ साली काही अभ्यासकांनी माहिती गोळा करण्यासाठी अशीच कल्पना मांडली होती: जे माणूस, जनावर किंवा वाहन तसंही तिथून जातंय, त्याच्याकडे नोडांनी आपले आकडे सोपवावेत. तीच गोष्ट विजेसाठी का नको?

वरचा हिशोब पुन्हा घ्या. तीस नोडांना आठवड्याला ३० हजार ज्यूल, म्हणजे दिवसाला सुमारे ४,३०० ज्यूल. वेटोळ्यातून ५ वॅट आत पोचत असतील, तर दिवसाला सगळे मिळून साधारण पंधरा मिनिटांचं थांबणं. वाटेत निम्मी वीज वाया गेली असं धरलं, तरी मोबाइलची १०,००० मिलिअँपिअर-तासांची एक पॉवरबँक पंधरवडाभर पुरते. ती आणि एक वेटोळं पिशवीत घालून बांधावरून चालणाऱ्या त्या माणसाकडे द्यायचं. रोज तीसही खांबांपाशी थांबायचं नाही. आज ज्यांची पातळी सगळ्यात खाली, त्या चार-पाच खांबांपाशीच, प्रत्येकी तीनेक मिनिटं.

हे अजून कागदावर आहे. सप्टेंबरात गेटवे बांधाच्या मध्यावर हलवायचा, पहिल्या दोन नोडांना मोठ्या बॅटऱ्या द्यायच्या आणि प्रत्येक डब्यात वाटेच्या बाजूला एक वेटोळं बसवायचं, इतकं ठरलंय. कुठल्या खांबापाशी थांबायचं हे फोनवर दाखवायचा माझा विचार होता. मामांनी तो मोडून काढला. मानशीवर जाणाऱ्याचे दोन्ही हात चिखलाने माखलेले असतात, एका हातात कुदळ, दुसऱ्यात छत्री. फोन बाहेर काढणार कोण? मग ठरलं, की डब्यावर एक लहान लाल दिवा ठेवायचा. वीज हवी असेल तेव्हाच, ओहोटीच्या वेळांतच, दर दहा सेकंदांनी एकदा लुकलुकणारा. त्या दिव्याला लागणारी वीज हिशोबात धरायला मी विसरलो नाही. ती रेडिओच्या तुलनेत नगण्य निघाली.

"दिवा दिसला तर पिशवी टेकवायची, नाही तर चालत राहायचं," मामा म्हणाले. "एवढं जमेल त्याला." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पिशवी किती वेळ टेकवायची ते कसं कळणार?"

दिवा विझेपर्यंत, मी म्हणालो.